कौल, पत्ते आणि आपला निर्णय

समा येथे राहणाऱ्या आमच्या वहिनींनी साठी उलटल्यावर टॅरो पत्त्यांचे वाचन शिकण्यास आरंभ केला, तेव्हा घरातील मंडळींनी त्याकडे प्रथम कौतुकाने आणि मग थोड्या संकोचाने पाहिले. कौतुक अशासाठी की, या वयात कोणी वही घेऊन वर्गास जाते ही गोष्टच आनंदाची. संकोच अशासाठी की, पंचांग आणि सत्यनारायण घरात असले तरी ‘भविष्य पाहणे’ आपल्यासारख्यांना शोभत नाही, असे आमच्याकडे आजोबांच्या काळापासून ठरलेले होते. महाराज सयाजीरावांच्या राज्यात नोकरीनिमित्त आलेल्या, शाळा आणि ग्रंथालये यांच्या सावलीत वाढलेल्या अनेक मराठी घरांची हीच धारणा असावी. ती क्षणभर बाजूस ठेवून, वहिनींच्या शेजारी बसून, आम्ही काही महिने हा प्रकार पाहिला. त्यातून जे विचार सुचले ते येथे मांडीत आहोत.

टॅरोचे जाणकार आपल्या कृतीस भाकीत म्हणत नाहीत, ‘वाचन’ म्हणतात. हा शब्द त्यांनी स्वतः निवडलेला असल्यामुळे वाचनाच्या कसोट्या तिला लावून पाहण्याचा अधिकार वाङ्मयाच्या अभ्यासकासही पोहोचतो. पत्ते खरे बोलतात की खोटे, या वादात आम्हांस फारसे स्वारस्य नाही. वाचणारा पत्त्यांत नेमके काय वाचतो, आणि त्या वाचनानंतर घेतलेला निर्णय कोणाचा मानावयाचा, हे दोन प्रश्न मात्र महत्त्वाचे वाटतात. कारण लग्न, नोकरी, परदेशगमन, जुन्या घराची विक्री अशा गोष्टी घेऊनच माणसे या पत्त्यांपाशी येतात.

वाचावयाची संहिता प्रथम पाहू. टॅरोच्या जोडात ७८ पाने असतात. त्यांपैकी ५६ पाने आपल्या ओळखीच्या पत्त्यांप्रमाणे चार रंगांत विभागलेली: पेले, नाणी, तलवारी आणि दंड. प्रत्येक रंगात एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने आणि चार दरबारी चित्रे. उरलेली २२ पाने कोणत्याही रंगाची नव्हेत. त्यांवर मूर्ख, जादूगार, सम्राज्ञी, न्याय, संन्यासी, दैवचक्र, मृत्यू, मनोरा, चंद्र, सूर्य अशी चित्रे असतात. आज शिकणाऱ्यांच्या हाती बहुधा येतो तो जोड लंडनमध्ये १९०९ साली प्रसिद्ध झाला. योजना ए. ई. वेट यांची, चित्रे पामेला कोलमन स्मिथ यांची आणि प्रकाशक रायडर. पुष्कळ वर्षे तो प्रकाशकाच्या आणि वेट यांच्याच नावाने ओळखला गेला. चित्रकर्त्रीचे नाव त्यास जोडण्याची प्रथा अलीकडची. वास्तविक या जोडाच्या लोकप्रियतेचे मोठे श्रेय तिचेच आहे. पूर्वीच्या बहुतेक जोडांत पेल्यांची छक्की म्हणजे निव्वळ सहा पेले असत. स्मिथबाईंनी तेथे एका जुन्या घराचे अंगण रंगविले आणि एक मुलगा धाकट्या मुलीस फुलांनी भरलेला पेला देत आहे, असा प्रसंग त्यात ठेवला. साध्या आकड्याच्या पानांनाही अशी पात्रे, स्थळे आणि हालचाल मिळाली. त्यामुळे ही पाने पाहणाऱ्यास अर्थ पाठ नसला तरी गोष्ट सुचू लागते. ती सुचते कोणाला आणि कोठून, हा पुढचा प्रश्न.

या पत्त्यांच्या वंशावळीविषयी एक कथा वर्गांतून आणि पुस्तकांतून सर्रास सांगितली जाते. प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांनी आपले गूढ ज्ञान या चित्रांत दडवून ठेवले, असे तिचे सार. ही कथा कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने पॅरिस येथे १७८१ साली मांडली. इजिप्तची चित्रलिपी शांपोल्यों यांनी उलगडली ती १८२२ साली; म्हणजे ज्या संस्कृतीचा एक शब्द कोणास वाचता येत नव्हता, तिच्या नावावर हे ज्ञान ४१ वर्षे आधी जमा झाले. त्याच सुमारास आलिएत नावाच्या गृहस्थाने आपले आडनाव उलट लिहून ‘एतेया’ असे नाव धारण केले आणि टॅरोवरून भविष्य सांगण्याची पद्धत ग्रंथबद्ध केली. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या टॅरोच्या खेळाविषयीच्या ग्रंथात या सर्वाची कसून छाननी केली. टॅरो जन्मला तो पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात, उत्तर इटलीतील मिलान आणि फेरारा यांसारख्या दरबारांत, आणि जन्मला तो खेळ म्हणून. भविष्यकथनाशी त्याचा संबंध जडला तो अठराव्या शतकात. तीन-साडेतीनशे वर्षे लोक या पत्त्यांनी केवळ डाव खेळत होते.

त्या डावात २२ चित्रांचे काम काय होते? ती हुकमाची पाने होती. आपण डाव मांडताना एखादा रंग हुकूम ठरवितो. टॅरोत हा हुकूम कायमचा ठरलेला असे आणि मूर्खाचे पान वगळता बाकीची चित्रे इतर रंगांना कापीत. मराठीत ‘हुकूम’ या एका शब्दाचे दोन अर्थ आहेत: डावातील वरचढ पान आणि वरिष्ठाची आज्ञा. टॅरोचा सारा इतिहास या दोन अर्थांच्या मध्ये सामावला आहे, असे म्हणता येईल. डावातला हुकूम अठराव्या शतकात दैवाचा हुकूम झाला.

याच्या उलट दिशेचा प्रवास आपल्याकडे घडला. गंजिफा हा गोल पत्त्यांचा खेळ मोगलांबरोबर हिंदुस्थानात रुळला. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हुसेनकडे गंजिफांचा जोड पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. पुढे या खेळास हिंदू रूप आले. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा आपणांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगाची १२ पाने, एकूण १२० पाने. मत्स्य आणि कूर्म, राम आणि कृष्ण या पानांवर राजे होऊन बसले. ही कला मावळतीस लागली असताना १९७० च्या दशकाच्या आरंभी शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी सावंतवाडीच्या राजवाड्यात तिला पुन्हा आश्रय दिला. सत्त्वशीलादेवी या आपल्या बडोद्याच्या गायकवाड घराण्यातील कन्या, म्हणून या गोष्टीचे आपणांस विशेष अगत्य. युरोपात करमणुकीच्या चित्रांना दैवी अधिकार चढला. कोकणात साक्षात देवांची चित्रे डावात उतरली आणि माणसांनी ती हसतखेळत एकमेकांवर टाकली. देव हाती असूनही गंजिफा मुख्यतः खेळच राहिली. चित्र पवित्र आहे म्हणून ते आज्ञा देते असे होत नाही. आज्ञेचा अधिकार चित्रास बाहेरून, माणसांकडून मिळतो, हे या दोन इतिहासांवरून दिसते.

मग आपल्या लोकांना निर्णयाच्या वेळी विचारावेसे वाटे तेव्हा ते कोठे जात? कोकण आणि गोवा येथून आलेल्या घरांना याचे उत्तर ठाऊक आहे: ते देवास कौल लावीत. कौल हा शब्द मुळात अरबी, अर्थ, वचन. मराठी राज्यकारभारात उजाड गाव पुन्हा वसावे म्हणून रयतेस अभयाचा कौल दिला जाई आणि त्याचा कौलनामा होई. तोच शब्द देवळात गेला. मूर्तीवर पाकळ्या किंवा कळ्या लावतात, गुरव गाऱ्हाणे घालतो. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, असा सर्वसाधारण संकेत. लोकशाहीत हाच शब्द मतदारांकडे आला आणि आता निवडणुकीनंतर ‘जनतेचा कौल’ वाचावयास मिळतो. राजा, देव आणि जनता या तिघांच्याही मुखी हा शब्द शोभला. कारण तिन्ही ठिकाणी कोणीतरी वचनास बांधला जातो.

कौलाची घडण बारकाईने पाहण्यासारखी आहे. प्रश्न मोठ्याने, सर्वांसमक्ष आणि हो-नाहीत उत्तर येईल असा मांडावा लागतो. गाऱ्हाणे घालणारा गुरव तो आपल्या शब्दांत सांगतो, तेव्हा भाऊबंद ऐकत असतात. चुकीचे सांगितले तर कोणी तेथेच टोकतो. उत्तर पाकळी देते आणि त्याचा अर्थ लावण्यास फारसा वाव राहत नाही. पाकळी योगायोगाने पडली असे म्हणणाराही हे मान्य करील की, या रीतीत कोणा एका माणसाच्या जिभेवर सर्व भार पडत नाही. टॅरोत नेमके याच्या उलट आहे. प्रश्न खासगी, बैठक दोघांची किंवा एकट्याची. योगायोग फक्त चित्र हाती देतो. उत्तर द्यावयाचे असते ते वाचणाराने. कौलात निवाडा होतो, अर्थनिर्णयन नसते. टॅरोत अर्थनिर्णयन असते, पण निवाडा झाल्याचा आभास राहतो. आमच्या मते या विद्येचे सामर्थ्य आणि धोका ही दोन्ही येथेच आहेत.

सामर्थ्य कसे ते आम्ही घरातच पाहिले. जुन्या शहरातील आमचा वाडा विकावा की ठेवावा, हा प्रश्न दोन वर्षे चर्चेत होता. दादांचे मत विकावा. आमचा वाटा आहे, पण मत नव्हते. बहिणीचे उत्तर ‘तुम्ही ठरवाल ते’. एका रविवारी संध्याकाळी समाच्या घरी वहिनींनी पत्ते पिसले. ‘वाडा विकला जाईल का?’ असे विचारावयाचे नाही, हे त्या वर्गात शिकल्या होत्या. म्हणून प्रश्न झाला: ‘वाड्याविषयी मी काय ध्यानात घ्यावे?’ तीन पाने मांडली. पहिली पेल्यांची छक्की, तेच अंगण आणि तीच मुले. दुसरी पेल्यांची अठ्ठी. हिच्यात आठ पेले रचून ठेवलेले आहेत आणि तांबड्या वस्त्रातील एक मनुष्य काठी टेकीत, पाठ फिरवून, चंद्राखाली डोंगराकडे निघाला आहे. तिसरी नाण्यांची दश्शी; कमानीपाशी बसलेला वृद्ध, त्याची दोन पांढरी कुत्री, मागे एक जोडपे आणि लहान मूल.

दादांनी चष्मा चढविला आणि क्षणात निकाल दिला. बालपण मागे पडले, मनुष्य घर सोडून निघाला, शेवटी घराण्याला पैसा मिळाला, म्हणजे विका. आम्हांस मात्र तीच दश्शी उलट वाटली. कमान, आजोबा, नातवंड. घर राखले तर असे चित्र दिसेल. पान एक, वाचने दोन, आणि दोन्ही निर्दोष. वहिनी बराच वेळ अठ्ठीकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, “भाऊजी, हा निघालाय खरा, पण पेले बघा कसे रचून ठेवलेत. लाथाडून नाही गेला. आपण समाला आलो तेव्हा मी आईच्या दुखण्यात नाशिकला होते. परत आले ती थेट या घरात. तिथलं देवघर मी माझ्या हातानं आवरलं नाही.” दादा म्हणाले, “हे पत्त्यात कुठे आहे?” वहिनी म्हणाल्या, “पत्त्यात नाहीये. पत्ता बघताना आठवलं.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “विका, माझी ना नाही. पण त्याआधी मला चार दिवस तिथं राहू द्या.”

विकावा की ठेवावा, या दोन टोकांत आम्ही दोन वर्षे घुटमळत होतो. प्रत्यक्षात घरातल्या सर्वांत जुन्या रहिवाशाची मागणी तिसरीच होती आणि ती कोणी विचारली नव्हती. आम्हीही नाही.

इतालो काल्विनो या इटालियन लेखकाची टॅरोवरची एक कलाकृती येथे आठवते. तिचा पहिला भाग १९६९ साली आणि संपूर्ण पुस्तक १९७३ साली निघाले. अरण्यातून आलेले प्रवासी एका गढीत जमतात. त्यांची वाचा गेलेली असते. मेजावर टॅरोचा जोड असतो आणि प्रत्येक जण पाने मांडून आपली कहाणी सांगतो. एकाने मांडलेले पान दुसऱ्याच्या कहाणीत निराळा अर्थ घेऊन येते. काल्विनोने पत्त्यांस भविष्य विचारलेच नाही; मुक्यांची भाषा म्हणून त्यांचा उपयोग केला. त्याआधी, १९२२ साली, टी. एस. एलियट यांनी आपल्या प्रसिद्ध दीर्घकाव्यात टॅरो पाहणारी एक बाई आणली आणि टिपांत प्रांजळपणे कबूल केले की, या जोडाची नेमकी रचना आपणांस माहीत नाही, आपल्या सोयीने त्यात बदल केला आहे. दोघांनीही पत्त्यांपुढे मान तुकविली नाही. त्यांना कामास लावले. आमच्या वहिनींनी त्या संध्याकाळी, नकळत, तेच केले.

मात्र येथे एक अप्रिय गोष्ट बोलणे भाग आहे. वाचा गेलेले प्रवासी काल्विनोच्या गढीतच असतात असे नाही. आपल्या समाजात ज्यांना ‘मला वाटते’ असे म्हणण्याची मुभा नव्हती, त्यांनी ‘देवी सांगते’ असे म्हणून बोलावयाचे, ही वहिवाट जुनी आहे. अंगात येणाऱ्या बाईचे शब्द सासरा ऐकून घेई. एरवी तिच्याकडे कोणी पाहत नसे. त्या संचारात श्रद्धा किती आणि कोंडमारा किती, याचा हिशेब करणे कठीण. टॅरोच्या वर्गांतही बायका मोठ्या संख्येने दिसतात, त्यामागे नावीन्याची हौस आहे तशीच ही जुनी गरजही असावी, असे आम्हांस वाटते. ‘पत्ते सांगतात’ हे ‘देवी सांगते’ याचे सुशिक्षित रूप आहे. सुनेला लग्नानंतर कित्येक वर्षांनी घराविषयी आपले म्हणणे मांडण्यास ७८ चित्रांचा आधार लागावा, यात पत्त्यांचा मोठेपणा शोधण्यापूर्वी घराने आपला कमीपणा ओळखावा हे बरे.

आता धोक्याकडे वळू. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच शहरात घडले आहे. अरविंद घोष १८९३ पासून १९०६ पर्यंत बडोद्यात होते. दांडिया बाजारातील अरविंद निवास आपणां सर्वांच्या ओळखीचे आहे. खासेराव जाधव आणि केशवराव देशपांडे ही त्यांची येथील मराठी स्नेहमंडळी. या वास्तव्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांचे बंधू बारींद्र यांच्याबरोबर प्लँचेटचे आणि आपोआप लेखनाचे प्रयोग येथे झाले. अंबालाल पुराणी यांनी लिहिलेल्या चरित्रात अशा एका बैठकीची हकीकत आहे. रामकृष्ण परमहंसांना पाचारण केले असता ‘मंदिर बांधा’ असा आदेश आला. त्या वेळी मंडळींनी त्याचा अर्थ सरळ घेतला. राष्ट्रकार्यास वाहून घेतलेल्या संन्याशांसाठी भवानीचे मंदिर उभारावे, ही कल्पना त्या दिवसांत घोळत होतीच. १९०५ साली ‘भवानी मंदिर’ ही पुस्तिका सिद्ध झाली. देऊळ मात्र उभे राहिले नाही. पुढे अरविंदांनी त्या शब्दांचा अर्थ निराळा केला: मंदिर बांधावयाचे ते आपल्या अंतरात. आदेश एक, तरुण क्रांतिकारकाने वाचला तेव्हा त्यातून संघटना निघाली, योग्याने वाचला तेव्हा साधना निघाली. दोन्ही वेळी वाचणाराच्या मनात जे अगोदर होते तेच त्या शब्दांतून बाहेर आले.

या प्रयोगांविषयी अरविंदांचा उत्तरकालीन अभिप्राय अधिकच मननीय आहे. क्वचित एखाद्या वेळी बाहेरच्या शक्तीचा स्पर्श मानावा लागतो, परंतु अशा लेखनाचा फार मोठा भाग लिहिणाराच्या अवचेतन मनातील नाट्य रचणाऱ्या घटकाकडून येतो, असे त्यांनी म्हटले आहे. हे कोणा नास्तिकाचे मत नाही. अध्यात्मास आयुष्य वाहिलेल्या आणि स्वतः हे प्रयोग जवळून पाहिलेल्या पुरुषाचे ते आहे. टॅरो शिकणाऱ्या प्रत्येकाने आपल्या वहीच्या पहिल्या पानावर त्याचा आशय लिहून ठेवावा. मनात नाट्य रचणारा एक घटक आहे. पत्ते त्यास नेपथ्य पुरवितात.

हे विसरले की काय होते, तेही पाहावयास मिळाले. मनासारखे पान आले नाही म्हणून पुन्हा पिसणे. आले की तेथेच थांबणे. लहानसहान गोष्टीसाठी, भाजी कोणती करावी इथपर्यंत, पान ओढणे. आणि सर्वांत काळजीचे, म्हणजे दुसऱ्याच्या संसाराचे वाचन करणे. एका ओळखीच्या मुलीच्या ठरत आलेल्या लग्नावर कोणीतरी मनोऱ्याचे पान काढले. त्या पानावर वीज पडून कोसळणारी इमारत आणि खाली पडणारी माणसे आहेत. त्या चित्राने तिची झोप गेली. मुलाची नोकरी, स्वभाव, घरची मंडळी यांविषयी तिच्या मनात एकही शंका नव्हती. शंका होती ती केवळ एका छापील चित्राची. येथे वाचन संपले होते आणि डावातला हुकूम आज्ञा होऊन बसला होता.

‘पण ते तंतोतंत लागू पडते’, असे यावर उत्तर येते. १९४८ साली बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांस प्रत्येकाच्या स्वभावाचे म्हणून एक वर्णन दिले आणि ते कितपत जुळते यास ५ पैकी गुण देण्यास सांगितले. सरासरी ४ च्या वर गेली. वर्णन मात्र सर्वांना एकच दिले होते, आणि ते बाजारात मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून जुळविले होते. लागू पडणे हा मजकुराचा गुण नसून वाचणाराच्या सहकार्याचा परिणाम असतो, हे यावरून स्पष्ट व्हावे. दिवंगत जयंत नारळीकर यांनी २००८ साली महाराष्ट्रात फलज्योतिषाची चाचणी घेतली होती. पत्रिकेवरून मूल बुद्धिमान की मतिमंद हे ओळखावयाचे होते. उत्तरे पाठविणाऱ्या ज्योतिषांचे यश नाणे उडविण्याहून वरचढ ठरले नाही. टॅरोवाले म्हणतील की, आम्ही भाकीत करीतच नाही, ही चाचणी आम्हांस लागू नाही. मान्य. परंतु मग त्यांनी ‘पुढे’ असे नाव दिलेल्या जागी तिसरे पान मांडू नये.

मराठी कादंबरीने हा विषय फार गंभीरपणे हाताळला आहे. चिं. त्र्यं. खानोलकरांची ‘कोंडुरा’ १९६६ साली आली. तिच्यावरून श्याम बेनेगल यांनी १९७८ साली चित्रपट केला. आपणांस दैवी प्रसाद लाभला आहे असे मानणारा मनुष्य त्या प्रसादाच्या बळावर दुसऱ्यांच्या आयुष्यात हात घालतो तेव्हा किती अनर्थ ओढवतो, हे तीत दिसते. देव आहे की नाही, याचा निकाल खानोलकर लावीत नाहीत. मनुष्याने लावलेल्या अर्थाची जबाबदारी देवावर टाकता येत नाही, एवढे मात्र त्या कथेतून कठोरपणे जाणवते. टॅरोच्या मऊ, रंगीत, दिवाणखान्यातल्या जगात हा कठोरपणा कोठेच नाही. चुकीच्या वाचनाची किंमत कोणी मोजावयाची, हा प्रश्न तेथे उपस्थितच होत नाही.

तेव्हा चांगले वाचन कोणते? आम्ही एक साधी कसोटी सुचवितो. पाने गोळा करून डबीत ठेवावीत आणि मग आपला निर्णय, त्याच्या कारणांसह, समोरच्यास सांगून पाहावा. पत्त्यांचे नाव न घेता तो सांगता आला, तर वाचन उपयोगी पडले. ‘अठ्ठी आली म्हणून’ यापलीकडे कारण देता आले नाही, तर ते वाचन फसले, मग पाने कितीही शुभ येवोत. ही कसोटी कवितेच्या वाचनासही लागू आहे. पुस्तक मिटल्यावर आपल्यापाशी जे उरते तेच आपले वाचन. कौलापासूनही एक गोष्ट उचलण्याजोगी आहे: प्रश्न एकट्याने मनात न ठेवता ज्यांचा त्यात वाटा आहे त्यांच्यासमक्ष मोठ्याने मांडावा. आमच्या घरी जे साधले ते या कारणाने. पत्ते मांडले तेव्हा दादा समोर होते आणि त्यांनी ‘हे कुठे आहे?’ असे विचारले. असा टोकणारा प्रत्येक बैठकीत हवा.

वहिनी पुढे वाड्यात चार दिवस राहून आल्या. देवघराची फडताळे त्यांनी स्वतः पुसली. पितळेची दोन निरांजने आणि सासूबाईंची पोथी तेवढी बरोबर आणली. विक्रीचे ठरले ते त्यानंतर काही महिन्यांनी, डागडुजीचा खर्च, आलेला भाव आणि तिघांच्या वाटण्या कागदावर मांडून. त्या वेळी पत्ते कोणी काढले नाहीत. वहिनींचा अभ्यास मात्र चालू आहे. परवा त्यांनी आम्हांस विचारले, “भाऊजी, तुमच्यासाठी एक पान काढू का?” आम्ही म्हणालो, “काढा, वहिनी. पण त्याआधी आमचा प्रश्न काय आहे ते आम्हांला ठरवू द्या.” तो अजून ठरावयाचा आहे.